धर्मादाय पंक्चर

सायकलचं पंक्चर फुकट काढून देणाऱ्या माणसाकडे बेलपाड्यात आधी संशयाने पाहतात, आणि त्यात गावाची काही चूक नाही. ज्या गावाची भातशेती सिडकोने घेतली, ज्याच्या भोवती खारघरचे सेक्टर उठले आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूर ते पेंधर मेट्रो ज्याच्या शेजारून डोक्याच्या वर धावू लागली, त्या गावाला 'हे तुमच्याच भल्याचं आहे' असं कोणी म्हटलं की कागद कुठला आणि सही कुठे, एवढंच विचारायची सवय लागलेली असते. त्यामुळे एखाद्या रविवारी गावाच्या तोंडावरच्या गाळ्याचं शटर वर जातं, आत पांढऱ्या केसांची चार शहाणी माणसं रबरी हातमोजे घालून बसलेली दिसतात, बाहेर 'ना नफा ना तोटा' अशी पाटी असते, तेव्हा गाव लांबून वळसा घालून जातं. पाटीचा अर्थ गावाने लावलेला असतो: विमा विकतायत.

विमा नसतो. तो असतो सेवाभावी सायकलवाला, आणि तो कधी एकटा नसतो.

यांच्यातला जो मुख्य, त्यांना आपण अध्यक्ष म्हणू. तेही स्वतःला तेच म्हणतात. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, सेक्टरातल्या सोसायटीत फ्लॅट, गुडघा कुरकुरणारा. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. अध्यक्षांनी चळवळ चालवायला घेतली. गुडघा होता तिथेच आहे, पण जगभरच्या सायकलींचा इतिहास त्यांना आता पाठ झालाय आणि नुसती हवा भरायला आलेल्यालाही तो ऐकावा लागतो. १९६५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'प्रोव्हो' नावाच्या तरुण मंडळींनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यात बिनकुलपाच्या सोडून दिल्या. कोणीही घ्यावी, चालवावी, काम झालं की तिथेच ठेवावी. कथा इथवर आली की कोपऱ्यातला मिस्त्री मान वर न करता विचारतो, "मग?"

मग पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण सायकल बिनकुलपाची ठेवणं तिथल्या कायद्यात बसत नव्हतं. हा भाग अध्यक्ष जरा भरभर सांगतात.

"पोलीस शहाणे होते," मिस्त्री म्हणतो आणि रॉकेलमधले छर्रे पुन्हा मोजायला लागतो.

अध्यक्षांची दुसरी कथा लॉस एंजेलिसची. तिथे २००२ च्या सुमारास एका इमारतीतल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात काही जणांनी हत्यारं मांडली, शेजारीपाजारी येऊन आपापल्या सायकली दुरुस्त करायला लागले आणि त्यातून 'बायसिकल किचन' नावाची संस्था उभी राहिली. ही हकीकत अध्यक्षांनी घरी मोठ्या उत्साहाने सांगितली. वहिनींनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि ओट्यावर ठेवलेला पाना उचलून त्यांच्या हातात दिला. बेलपाड्यातल्या गाळ्याची स्थापना त्या दिवशीची.

आता फुकट काम करायचं तर आधी सरकारला पटवावं लागतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात जणांच्या सह्या लागतात. सेक्टरात सायकलप्रेमी पोत्याने सापडतात, पण सहीचा कागद पुढे केला की ज्याला त्याला आपली पाठदुखी आठवते. कसेबसे पाच जमले. सहाव्या वहिनी, मीटिंगला येणार नाही या अटीवर. सातवा मिस्त्री, मीटिंगला चहा असेल तर येईन या अटीवर. पुढचा प्रश्न हेतूचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात धर्मादाय हेतू कशाला म्हणायचं ते दिलेलं आहे: गरिबी किंवा दुःखाचं निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, आणि शेवटी लोकोपयोगाचं इतर काहीही. पंक्चर यातल्या कोणत्या कलमात बसतं यावर दोन बैठका झाल्या. खजिनदार म्हणाले, दुःखनिवारण. त्यांनी कधीतरी मे महिन्यात सायन-पनवेल हायवेवर सायकल ढकललेली असणार. लायक्रावाला तरुण सभासद म्हणाला, वैद्यकीय, कारण हृदय. मिस्त्री म्हणाला, "इतर काहीही लिवा." अध्यक्ष म्हणाले, शिक्षण.

शिक्षण ठरलं आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली. कारण कागदावर एकदा शिक्षण लिहिल्यावर नुसतं पंक्चर काढून देणं घटनाबाह्य झालं. येईल त्याला ते शिकवायचं.

पहिलं गिऱ्हाईक इडलीवाला. मागे स्टीलचा डबा, हँडलला भोंगा, मागचं चाक बसलेलं, आणि डोळ्यांत उरलेल्या सेक्टरांची काळजी.

"पंक्चर," तो म्हणाला.

"या. आपण काढू या," अध्यक्ष म्हणाले.

"आपण?"

त्याच्या हातात लोखंडी पट्टी देण्यात आली. टायर रिमवरून कसा उचकायचा, आतली ट्यूब न चावता कशी ओढायची, तिच्यात हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत बुडबुडे कुठे येतात ते कसं बघायचं, हे अध्यक्ष तोंडी सांगत होते. इडलीवाल्याने बुडबुडा शोधला. ट्यूब पुसली, कानशीने खरवडली, सोल्यूशन लावलं. आता थांबायचं होतं. सोल्यूशन ओलं असताना पॅच चिकटवला तर तो पुढच्या चौकात सोडतो. हाताला कोरडं लागेपर्यंत दम धरावा लागतो. या मोकळ्या वेळात अध्यक्षांनी त्याला टायरमधल्या हवेच्या दाबाविषयी सांगितलं, नंतर अ‍ॅमस्टरडॅम सांगितलं. मिस्त्री ती ट्यूब दोन बोटांनी चाचपून बघत होता आणि प्रत्येक वेळी 'अजून नाही' असं मान हलवून दाखवत होता. पुढे लक्षात आलं की ती केव्हाच वाळली होती, मिस्त्रीला अ‍ॅमस्टरडॅमचा पोलिसांपर्यंतचा भाग ऐकायचा होता.

एवढ्यात खजिनदारांना भूक लागली. मग इतरांनाही लागली. डबा तिथेच रिकामा झाला. तेव्हापासून या इडलीवाल्याचं चाक दर रविवारी, नेमकं गाळ्यासमोर, पंक्चर होतं. ना नफा ना तोटा या तत्त्वावर चाललेल्या केंद्रात नफा झालेला तो एकमेव माणूस.

सोसायट्यांचे वॉचमन मात्र असे रमत नाहीत. रात्रपाळी संपवून डोळे चोळत आलेल्या माणसाला डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवलं की सुटतं, हे ज्ञान नको असतं. त्याला पेडल हवं असतं. अध्यक्ष 'विचार करून सांगा, असं का केलं असेल?' म्हणून विचारत असतात आणि मिस्त्री त्यांच्या पाठीमागून खूण करतो: मागच्या बाजूला ये. मागच्या बाजूला काय चालतं हे अध्यक्षांना माहीत नाही. माहीत असावं, असा मला संशय आहे, कारण ते तिकडे कधीच बघत नाहीत.

मिस्त्रीचं पनवेलात एकेकाळी भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मडगार्डवर पांढऱ्या रंगात आकडे, लांबट वही, आणि कोणता पोरगा सात नंबर तासाच्या बोलीवर नेऊन दोन तासांनी आणतो याची पक्की आठवण. पुढे प्रत्येक घरात एक सायकल आली, मग प्रत्येक घरात एक स्कूटर आली, आणि वही मिटली. २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनाला, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी अध्यक्षांनी त्याला वाचून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, कोन मिळेनात कसे." शोकसंदेश एवढाच. पण त्या दिवसापासून गाळ्यात आलेली जुनी अ‍ॅटलास तो कोणालाही देत नाही. विचारलं तर सांगतो, आउट काढायचाय.

लायक्रावाल्याशी त्याचं वेगळंच नातं आहे. हा तरुण आयटीत आहे, पहाटे उत्सव चौकातून निघून कर्नाळ्यापर्यंत जाऊन येतो आणि नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत कशी पुरी केली ते बोलायला लागला की त्याचा चहा गार होतो. त्याची सायकल मिस्त्री एका बोटावर तोलून बघतो. किंमत ऐकल्यावर त्याने सांगितलं होतं की एवढ्यात मोटरसायकल येते आणि वर सुटे पैसे परत मिळतात. पुढे एकदा तिला हवा भरायची वेळ आली. बारीक, उंच, डोक्यावर पितळी मळसूत्र असलेला तो व्हॉल्व्ह; मिस्त्रीचा पंप त्यावर बसेना. मिस्त्रीने चाकाभोवती एक फेरी मारली. "एवढी महागाची वस्तू," तो म्हणाला, "आणि हवेला दार ठेवलं नाही." तरुणाने घरून वेगळा पंप आणला, पण तेव्हापासून तो मिस्त्रीला काका म्हणतो.

सायकली येतात कुठून, तर पार्किंगमधून. खारघरच्या कुठल्याही सोसायटीत खांबाला साखळीने बांधलेल्या, दोन्ही चाकं बसलेल्या, सीटवर कबुतरांनी मालकी सांगितलेल्या सायकली असतातच. मूल दहावीत जातं तेव्हा ती तिथे बांधली जाते. मूल पुण्याला नोकरीला लागलं तरी तिथेच असते. अध्यक्ष सोसायट्यांना पत्रं लिहितात आणि सायकली येतात. सायकल देणं सोपं असतं, सोडणं नसतं. आई-वडील दोघंही येतात, घंटी वाजवून बघतात, "आमच्या धाकट्याची पहिली" एवढं सांगून थांबतात, आणि पुढल्या रविवारी सहज डोकावतात: गेली का? गेली नसेल तर वाईट वाटतं, गेली असेल तर जास्त वाईट वाटतं. एका गृहस्थांनी दिलेली सायकल परत मागितली. ती खजिनदारांनी जमा धरली होती, त्यामुळे त्यांना आपलीच सायकल रीतसर अर्ज करून घ्यावी लागली. अर्जात 'गरज काय?' असा रकाना आहे. त्यांनी लिहिलं, "भावनिक."

वाटपाचं खातं बाईंकडे. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, आणि सायकल मागायला आलेल्या मुलाला त्या खुर्ची देत नाहीत. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडीसारख्या आदिवासी वाड्या आहेत. तिथून खाली शाळेला येणाऱ्या एका मुलाला त्यांनी विचारलं, सायकलचा उपयोग तू कशासाठी करशील? अपेक्षित उत्तर शिक्षण हे होतं. अध्यक्षांनी बाजूला उभं राहून ओठ हलवूनही दाखवलं. मुलगा म्हणाला, उतरताना बसून येणार आणि चढताना हिच्यावर तांदूळ टाकून ढकलत नेणार, म्हणून कॅरियर मजबूत बघा. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि पूर्ण गुण दिले. त्याला मिस्त्रीने ती आउट काढायची अ‍ॅटलास दिली. आउट नव्हताच तिच्यात.

गावाशी तिढा अजून होताच. एक दिवस आगरी मावशी नातवाची सायकल घेऊन आल्या. चेन पडत होती. मिस्त्रीने मागचं चाक जरा ओढून चेन ताणली आणि नट आवळले.

"किती पैसं झालं?"

"काही नाही, मावशी. मोफत आहे."

मावशींनी कंबरेची पिशवी उघडी तशीच धरली. "फुकट कोन करतं?" त्या म्हणाल्या. "सांग ना बाबा किती. नंतर सही मागाल."

अध्यक्षांनी समाजसेवेबद्दल सांगितलं, तशी मावशींची खात्रीच पटली की काहीतरी आहे. सायकल तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. सायकल आठवडाभर गाळ्यात राहिली. पुढच्या रविवारी सकाळी त्या पुन्हा आल्या, वर्तमानपत्रात बांधलेला सुका जवळा खजिनदारांच्या टेबलावर ठेवला, हॅंडल धरलं आणि मागे न बघता गेल्या. हिशेब मिटला होता. तेव्हापासून गाव वळसा घालत नाही. सरळ येतं, आणि कोणी रिकाम्या हाताने येत नाही.

खजिनदारांची मात्र झोप गेली. पावती तर फाडायलाच हवी. त्यांनी फाडली: 'वस्तुरूप देणगी, सुका जवळा, पुडा एक.' पण साठा नोंदवहीत ट्यूब आणि टायर यांच्या खाली जवळा लिहिला, तेव्हा लेखापरीक्षकाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. शिवाय गाळा बंद असतो आठवडाभर, आणि वास कुठल्याही कलमाखाली लपत नाही. शेवटी तातडीची सभा बोलावली. विषय एकच: प्राप्त देणगीची विल्हेवाट. ठराव मिस्त्रीने मांडला, की कांदा घालून आजच करावा. अनुमोदन दिलं वहिनींनी, ज्या मीटिंगला येणार नव्हत्या. विरोधात एकच मत पडलं, अध्यक्षांचं. ते स्वतः खात नाहीत, त्यांची हरकत तत्त्वाची होती: संस्थेचा हेतू शिक्षण आहे, तेव्हा जवळा कोणी आयता करून वाढू नये, आधी सगळ्यांना निवडायला शिकवावं.