दोन किलवर म्हणजे किलवर नव्हे

लाकडाच्या लिलावात ज्याची हयात गेली, त्याला पत्त्यांमधली बोली कोण शिकवणार, असा माझा पक्का समज होता. आलापल्ली म्हणा, बल्लारशा म्हणा, हातात लॉटची यादी घेऊन मी आगारातल्या थप्प्यांमधून भरपूर हिंडलो आहे. आमच्याकडच्या सागवानाचा तोराच वेगळा. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 साली सागवान गेले ते बल्लारपूरहून. लिलावाच्या दिवशी व्यापारी थप्पीभोवती फेऱ्या घालतो, डोळ्यांनीच गोलाई मोजतो आणि चेहरा असा करतो, की हे सरपण फुकट दिले तरी नेणार नाही. पण एकदा तोंडातून आकडा निघाला की त्याचा अर्थ एकच. दहा हजार म्हणजे दहा हजार. पैसे भरा, ट्रक लावा.

ब्रिज या पत्त्यांच्या खेळात मात्र ‘एक’ म्हणजे सात. पहिले सहा हात गृहीत धरायचे आणि त्यापुढे मोजायचे. सरकारी लिलावात असे कोणी केले असते तर ऑडिटवाल्यांनी माझी पेन्शन अडवली असती.

आम्हाला हा खेळ शिकवला डॉक्टरांनी. नागपूरला मेडिकलच्या होस्टेलमध्ये त्यांनी शिक्षणाबरोबर हेही पदरात पाडून घेतले होते. डॉक्टर आणि वहिनी एक जोडी, मास्तर आणि मी दुसरी. मास्तरांची सारी नोकरी गडचिरोलीच्या आश्रमशाळांत गेलेली. तिथल्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मेंढीकोट खेळून खेळून त्यांचा हात असा बसला होता, की समोरच्याची दश्शी कुठल्या बोटामागे आहे तेही ते सांगत. मेंढीकोटात त्यांच्या खुणा ठरलेल्या असत. कान खाजवला की बदाम, खाकरले की इस्पिक.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “मास्तर, कान खाजवायचा नाही. जे सांगायचे ते बोलीतून.”

आता ही बोली किती मोठी? एक किलवरपासून सात नो ट्रम्पपर्यंत (नो ट्रम्प म्हणजे हुकूमच नाही) पस्तीस बोल्या. त्यात पास, डबल आणि रिडबल मिळवले की अडतीस. एवढ्या अडतीस शब्दांत आपल्या तेरा पानांची सगळी कुंडली समोरच्याला कळवायची. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. अख्ख्या जोडात मिळून चाळीस. साधारण बारा-तेरा हाती असतील तर तोंड उघडायचे, दोघांचे मिळून पंचवीस-सव्वीस होत असतील तर गेमची हिंमत करायची. इथवर ठीक होते. हिशेबाला मी घाबरत नाही.

मग आला स्टेमन. जोडीदाराने ‘एक नो ट्रम्प’ म्हटले, म्हणजे त्याच्याकडे पंधरा ते सतरा गुण आणि चारही रंग बेताबेताने आहेत. त्यावर आपण ‘दोन किलवर’ म्हणायचे. आपल्याकडे किलवर असो वा नसो. ती बोली नव्हेच, ती चौकशी: बाबा रे, तुझ्याकडे बदामाची किंवा इस्पिकची चार पाने आहेत का? नसतील तर त्याने ‘दोन चौकट’ म्हणायचे. चौकटीचाही इथे काही संबंध नाही.

हे कलम अमेरिकेतल्या सॅम स्टेमनच्या नावाने जगभर चालते. 1945 साली ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात त्याने त्यावर लेख लिहिला. कल्पना मात्र त्याचा जोडीदार जॉर्ज रापे याची. टिपणी एकाची, सही दुसऱ्याची. हे ऐकल्यावर मला त्या खेळाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मास्तरांनी एक नो ट्रम्प म्हटले. मी म्हटले, दोन किलवर. माझ्याकडे किलवरची दुर्री आणि तिर्री, बाकी सगळा माल बदाम-इस्पिकात. मास्तरांनी पाने नीट लावली, पंख्याकडे पाहिले आणि समाधानाने म्हणाले, “पास.”

किलवर हुकूम ठरला. आठ हात करायचे होते, झाले पाच. शेवटचे पान पडल्यावर मी नुसते त्यांच्याकडे पाहिले.

“तुमीच त किलवर म्हनलं ना जी! मले वाटलं, असन!”

यावर शास्त्रात उत्तर नाही.

ब्लॅकवुड नावाचे दुसरे कलम मास्तरांना लवकर पटले. ‘चार नो ट्रम्प’ म्हणजे, तुमच्याकडे एक्के किती? ‘पाच चौकट’ म्हणजे एक, ‘पाच बदाम’ म्हणजे दोन, ‘पाच इस्पिक’ म्हणजे तीन. आणि ‘पाच किलवर’ म्हणजे एकही नाही, किंवा चारही. ज्याच्या घरात काहीच नाही आणि ज्याच्या घरात सगळेच आहे, दोघांनी उत्तर एकच द्यायचे. ईस्ली ब्लॅकवुड हा इंडियानापोलिसचा विमावाला. मोठा स्लॅम, म्हणजे तेराच्या तेरा हात, करायला निघण्याआधी चौकशी करण्याची बुद्धी विमावाल्यालाच होणार. त्याचा लेख त्याच ‘ब्रिज वर्ल्ड’ने साभार परत पाठवला होता, हे नवलेखकांनी लक्षात ठेवावे.

मास्तरांचे खरे भांडण वेगळेच होते. जोडीदाराशी ठरवलेल्या खुणेचा अर्थ विरुद्ध बाजूने विचारला तर सांगावा लागतो, गुप्त करार चालत नाही, हे कळले तेव्हा ते पाने खाली ठेवून उठले. खूण करायची आणि वर शत्रूला तिचा अर्थही समजावून सांगायचा? मग खूण कशाला करायची? वहिनींनी चहा आणला म्हणून ते पुन्हा बसले.

मेमध्ये चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कूलरच्या घरघरीत ‘बदाम’ आणि ‘पास’ सारखेच ऐकू येतात. स्पर्धांमध्ये बोलीची छापील पाने पेटीत ठेवलेली असतात, तोंडाने कोणी बोलत नाही. आम्ही ती घरी केली, जुन्या लग्नपत्रिका कापून, कोऱ्या बाजूला स्केचपेनने. माझ्या ‘तीन नो ट्रम्प’च्या पाठीवर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असे छापलेले होते. मी पत्रिका उचलली की डॉक्टर म्हणत, “काकाचं लग्न आलं!” आणि नुसत्या पाठीवरून बोली ओळखत.

मास्तर खूश झाले. म्हणजे खुणा चालतात तर!

तेव्हा डॉक्टरांनी त्यांना 1975 ची बर्म्युडातली जागतिक स्पर्धा सांगितली. टेबलावर आडवा पडदा होता, समोरचा जोडीदार दिसत नव्हता. तर दोन इटालियन खेळाडूंवर टेबलाखालून पायाला पाय लावल्याचा ठपका आला. मग पडदा खालपर्यंत आणावा लागला. मास्तरांनी इटालियनांबद्दल मनापासून आदर व्यक्त केला आणि चपला काढून बसायला लागले. वहिनींनी त्यांच्या पायांवर नजर ठेवली.

माझे मत विचाराल तर इतका सरळ लिलाव मी नोकरीत पाहिला नाही. समोरच्याला काय कळवले ते चारचौघांना कळलेच पाहिजे, हा नियम कुठल्या आगारात लावून पाहा! आणि वयाची अडचण म्हणाल, तर 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ब्रिजचे सुवर्णपदक भारताला मिळवून देणारे प्रणव बर्धन साठ वर्षांचे होते आणि त्यांचे जोडीदार शिबनाथ सरकार छप्पन्नचे. पेन्शनरांसाठी दुसरा कोणता खेळ एवढी दारे उघडी ठेवतो?

मास्तर दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला राहायला गेले. त्यामुळे आमच्याकडे सध्या चौथा गडी कमी आहे. चंद्रपुरात कोणी रिकामे असेल तर जरूर यावे. खेळ येत नसला तरी चालेल, मेंढीकोट येत असला तर उत्तमच. फक्त मी ‘दोन किलवर’ म्हटले की कृपा करून पास म्हणू नका.