आमचं जरा वेगळं आहे

माधवनगरच्या एखाद्या कापड दुकानात गल्ल्यापाशी डोकावा. बारकोड स्कॅनर दिसेल. वायर खुपसली की लागला कामाला. कारण तो संगणकाला बिनदिक्कत सांगतो, ‘मी कीबोर्ड आहे’, आणि ठाणावरचा नंबर टाइप करून एंटर मारतो. ना सीडी, ना ‘इंजिनिअरला पाठवतो’. शेजारी बिलाचा प्रिंटर. त्याचा थाट निराळा. ड्रायव्हर ३२ बिटचा, मालकाने नवा संगणक घेतला तो ६४ बिटचा. प्रिंटर धडधाकट, पण रवानगी माळ्यावर. कंपनीचं उत्तर ठरलेलं: आमचं मशीन जरा वेगळं आहे.

वेगळं काय असतं हो? कागद तापवून काळा करायचा आणि पुढे ढकलायचा!

लिनक्सच्या कर्नलमध्ये या वेगळेपणाला भाव नाही. नेटवर्क, आवाज, इनपुट, डिस्प्ले, प्रत्येकासाठी सामाईक चौकट आधीच बांधलेली. ड्रायव्हरने फक्त आपल्या चिपच्या खोडी सांभाळायच्या, कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहायचं तेवढं. बाकीची उस्तवार चौकट करते. ही चौकट अधूनमधून बदलते आणि कंपन्या त्यावरूनच कुरकुरतात. पण जो बदलेल त्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे, असा तिथला रिवाज. म्हणजे देखभाल फुकट. अट एकच, वेगळी चूल मांडायची नाही.

एएमडीने मांडली. २०१६ मध्ये ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेसाठी लाखभर ओळींचा कोड त्यांनी पुढे केला. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे तोच चालावा म्हणून मध्ये स्वतःचा एक थर घातलेला. मिरज जंक्शनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तीन गेज नांदत होती, तेव्हा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायला हमाल लागत. हा थर म्हणजे तीच हमाली, आणि मजुरी कर्नलवाल्यांच्या माथी. डिसेंबरमध्ये ग्राफिक्स विभाग सांभाळणाऱ्या डेव्ह एअरलींनी साफ नकार दिला. उद्या हे लिहिणारे नोकरी सोडून गेले की हा पसारा वाचणार कोण? सगळ्यांसाठी चौकट बदलायची झाली तर या थराखाली हात घालणार कोण?

आपल्याकडे एवढी मोठी कंपनी दारात आली असती, तर नारळ फुटला असता, फोटो निघाले असते आणि थराचं काय करायचं ते पुढच्या कमिटीवर ढकललं असतं.

एएमडीकडून आधी चिडचिड झाली. मग त्यांनी बराचसा थर सोलून काढला, कोड चौकटीत बसवला आणि जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत तो कर्नलमध्ये आला. तेव्हाही लाखाच्या वरच ओळी होत्या. एअरलींचं भांडण ओळींच्या संख्येशी कधी नव्हतंच.