सर्वस्पष्टतावादी छायाचित्रकार

छत्रपती संभाजीनगर परिसरात पावसाळ्यातील रविवारी पहाटे, गोगाबाबा टेकडीवर किंवा म्हैसमाळच्या कड्यावर, अनेक खिशांचे जाकीट घातलेला जो मध्यमवयीन गृहस्थ ओल्या गवतात पालथा पडलेला आढळतो, तो आजारी नसून सर्वस्पष्टतावादी पंथाचा निसर्गछायाचित्रकार असतो. पुढ्यातील गवताच्या पात्यापासून क्षितिजावरील डोंगरापर्यंत सारे काही सारखेच रेखीव आले पाहिजे, ही त्याची श्रद्धा होय. म्हणजेच तो डेप्थ ऑफ फील्डचा, अर्थात छायाचित्रात स्पष्ट उमटणाऱ्या जवळ-दूरच्या पट्ट्याचा, उपासक असतो. मकबऱ्याची पार्श्वभूमी धूसर करून नियोजित वधूवरांचे चेहरे टिपणाऱ्या व्यावसायिकांविषयी त्याला मनापासून कणव वाटते.

हा पट्टा वाढवण्याचा पहिला उपाय म्हणजे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाशाचे छिद्र, लहान करणे. आकडा वाढला की छिद्र घटते, हे सांगताना श्रोत्याने दर वेळी आश्चर्य दाखवावे, अशी त्याची अपेक्षा असते. मात्र एफ/२२पर्यंत गेल्यास प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो आणि या विवर्तनामुळे संपूर्ण चित्र किंचित मऊ पडते, म्हणून तो एफ/११वर थांबतो. कॅलिफोर्नियात १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स आणि एडवर्ड वेस्टन यांनी स्थापलेल्या मंडळाने एफ/६४ हा आकडाच नाव म्हणून घेतला होता, हा दाखला तो नेहमी देतो. त्यांच्या कॅमेऱ्यांच्या निगेटिव्ह आकाराने फार मोठ्या असत, ही बाब तो सोयीने वगळतो.

त्यानंतर येते हायपरफोकल अंतर, म्हणजे ज्या अंतरावर फोकस केला असता त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सर्व पुरेसे स्पष्ट येते ते अंतर. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आणि एफ/११ असताना ते सुमारे १.८ मीटर भरते, हे त्याला तोंडपाठ असते, तरीही तो खिशातून मोजपट्टी काढतो. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सशेजारी एक कळ असते. ती दाबली की निवडलेल्या छिद्रातून चित्र कसे येईल ते आधीच पाहता येते, परंतु पहाटेच्या उजेडात ती दाबताच दर्शिका काळीठिक्कर पडते आणि तो समाधानाने मान हलवतो. नव्या कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग असते, म्हणजे कॅमेरा फोकस थोडा थोडा सरकवत अनेक चित्रे घेतो आणि ती पुढे संगणकावर एकत्र केली जातात. दरम्यान वारा सुटल्यास एकाच पात्याची चार पाती होतात. कललेल्या लेन्सने स्पष्टतेचे प्रतल जमिनीसरसे झोपवता येते, आणि ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नावाने ओळखले जाणारे हे तत्त्व तो आवेशाने समजावतो. अशा लेन्सची किंमत मात्र घरात सांगण्याजोगी नसते.

त्याचे ज्ञान खोटे नसते, हीच खरी अडचण आहे. मोजमाप पूर्ण होईपर्यंत म्हैसमाळवर धुके उतरते, अनंतापर्यंत राखलेली स्पष्टता दहा पावलांवर संपते आणि चित्रात कमालीचे रेखीव येते ते गवतात पडलेले वेफर्सचे पाकीट, ज्यावरील किंमतही वाचता येते. तांत्रिकदृष्ट्या हे चित्र निर्दोष असते व तो ते मोठ्या आकारात छापूनही घेतो. अशा गृहस्थाबरोबर सहलीस जाणाऱ्याने शिदोरी सोबत न्यावी, आणि त्याच्या मोजपट्टीवर पाय देऊ नये.