जागा शिल्लक नाही

भाऊंच्या फाटकावर 'जागा शिल्लक नाही' ही पाटी लटकत असली, की समजावं, आतल्या चारही खोल्या रिकाम्या आहेत. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत आणि एरवी सोमवार ते गुरुवार ती हमखास लागते. "रिकाम्या खानावळीत कोण पाय ठेवतो का?" भाऊ विचारतात. फाटकाशी एखादी गाडी जरा रेंगाळली, की ते आतून धावत येतात, कपाळाला हात लावतात, खिशातल्या वहीची दोन पानं उलटतात आणि म्हणतात, "एक पुण्याची पार्टी होती, आत्ता फोन आला, कॅन्सल. नशीबवान आहात." पुण्याची ती पार्टी मी ओळखतो त्या दिवसापासून कॅन्सल होते आहे.

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरचे हे भाऊ. नाव सांगत नाही. सांगितलं तर भाऊंची फुकट जाहिरात होईल आणि बाकीचे रागावतील. बाकीचे म्हणजे मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत गावोगाव पसरलेले असेच भाऊ, दादा, अण्णा. वडिलांच्या वेळची नारळ-सुपारीची वाडी, वाडीत बांधलेल्या चार खोल्या, स्वयंपाकघरात वहिनी, आणि बोलता बोलता येणारं ठरलेलं वाक्य : "जाहिरातीवर आपण आजवर एक रुपया घातलेला नाही."

पहिली पाटी त्यांनी स्वतःच रंगवली. कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवातून उरलेला प्लायवूड, होडीला लावून उरलेला निळा रंग. 'घरगुती जेवण. समुद्र २ मिनिटे.' एकदा डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी घड्याळ लावून चालून पाहिलं आणि बारा मिनिटं लागली म्हणून तक्रार केली. भाऊ शांतपणे म्हणाले, "दोन मिनिटं भरतीची आहेत, साहेब. ओहोटीला समुद्रच मागे जातो, त्याला मी काय करू?"

भरती-ओहोटी हा भाऊंचा खरा हातखंडा. इथल्या दर्यावर्दी माणसाला ठाऊक असलेला हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. पुढे सहा तासांनी, नऊला ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला होडीशिवाय इलाज नाही. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्याला ही वेळ हवीच असते. भाऊ रोज पहाटे पंचांग बघून ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. कुणाला? आजवर ज्याने ज्याने त्यांच्या वाडीत चहा प्यायला त्या प्रत्येकाला. संकष्टीचा संदेश तर खास असतो : 'सकाळी ९ ला ओहोटी, किल्ला चालत. रात्री चंद्रोदयानंतर उकडीचे मोदक.' त्याखाली फोन नंबर. माझा एक मित्र नागपूरला राहतो. पाच वर्षांत तो समुद्राकडे फिरकलेला नाही, पण अलिबागला भरती किती वाजता आहे हे त्याला रोज सकाळी दात घासताना कळतं.

हिवाळ्यात टेनिस क्रिकेटचे सामने सुरू होतात. रायगडात ज्या गावाला सपाट शेत आहे त्या गावाला स्पर्धा आहे, आणि जिथे स्पर्धा आहे तिथे माइक आहे. टी-शर्टचा खर्च भाऊंना झेपत नाही. ते 'उत्कृष्ट क्षेत्ररक्षक' हे सगळ्यात स्वस्त पारितोषिक पुरस्कृत करतात : एक रात्र मुक्काम, जून ते ऑगस्टच्या दरम्यान. जिंकणारा पोरगा शेजारच्याच गावचा, तो भाऊंकडे मुक्कामाला कशाला येतोय! पण समालोचक दर षटकामागे भाऊंच्या खोल्यांचं नाव घेतो, सीमारेषेवरचा झेल सुटला तरी घेतो. त्याबदल्यात समालोचकाला रात्री बांगडा फ्राय. वहिनींनी तळलेला, अर्थात.

मिनीडोअरवाल्यांशीही असाच व्यवहार आहे. गाडीच्या मागच्या काचेवर भाऊंचा फ्लेक्स, आणि चालकाला कधीही या, जेवून जा. चालक एकटा कधीच येत नाही.

मध्यंतरी 'अलिबाग से आया है क्या' या वाक्यावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. तोवर भाऊंच्या जिवाला घोर. "अहो, सिनेमात, टीव्हीवर, अख्ख्या देशात फुकट नाव घेतायत गावाचं. मोठ्या कंपन्या यासाठी किती मोजतात! आणि हे निघाले बंद करायला!" ज्या वाक्याने अलिबागकराचा पारा चढतो, त्या वाक्याकडे हा माणूस होर्डिंग म्हणून बघत होता.

दिवेआगरचा मात्र त्यांना हेवा वाटायचा. तिथे १९९७ साली एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि बघता बघता घराघरात खोल्या उठल्या. "आपण खणलं तर पाणीसुद्धा खारं लागलं," भाऊ म्हणायचे. पुढे २०१२ मध्ये त्या देवळावर दरोडा पडला, दोघा पहारेकऱ्यांचा जीव गेला, गर्दी आटली. तेव्हापासून खाऱ्या पाण्याचा विनोद मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

पाहुणा निघाला, की भाऊ गाडीच्या खिडकीशी शहाळं घेऊन उभे. शहाळं एका हाताने देतात, दुसरा हात मोबाइलकडे दाखवतो : "गूगलवर पाच तारे पाडा." पोराच्या तोंडात मलई असताना बाप चार तारे कसे देईल? तरीही एकाने तीन दिले. लिहिलं, 'जेवण उत्तम, पण कोंबडा पहाटे चारला आरवतो, झोप होत नाही.' भाऊंनी खाली जाहीर उत्तर टाकलं : 'तो कोंबडा रविवारी दुपारी आपणच खाल्लात. आता यावे, शांतता आहे.' माझ्या मते या किनाऱ्यावर यापेक्षा चांगलं जाहिरातीचं वाक्य कुणी लिहिलेलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. गाडीसकट माणूस तासाभरात या काठाला! (भाऊचा धक्का आपल्याच नावाचा, असा त्यांचा पाहुण्यांपुरता दावा आहे.) त्यांनी रात्रीत नवी पाटी रंगवली, 'रो-रोने येणाऱ्यांस खास सूट.' रंग वाळायच्या आत देश बंद झाला. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, दोन खोल्यांचे पत्रे गेले, नारळावर ठोकलेली ती नवी पाटी तिसऱ्या वाडीतल्या विहिरीत सापडली. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्नाला यायला वर्षं लागतात. भाऊंच्या वडिलांनी लावलेली झाडं एका दुपारी आडवी झाली. वीज नाही, फोनला रेंज नाही. पहाटेचा भरतीचा संदेश बंद पडला.

तेव्हा पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आलं, की आज संदेश नाही. रेंज परत आली तसे फोन लागायला लागले. डोंबिवलीचे ते घड्याळवाले गृहस्थ, नागपूरचा माझा मित्र, कोंबडा खाऊन तीन तारे देणारा तोसुद्धा. कुणी पत्र्यांसाठी पैसे पाठवू का विचारत होतं. भाऊंचा आवाज भरून आला होता, हे मी स्वतः फोनवर ऐकलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "पैसे नकोत. दिवाळीचं बुकिंग आत्ता करून टाका, जुन्या दराने देतो."

गेल्या जानेवारीत मी गेलो होतो, पोपटीच्या दिवसांत. शनिवारी रात्री भाऊंनी मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घातला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा गच्च बोळा. मडकं उपडं घालून भोवती झावळ्या पेटवल्या. हे सगळं त्यांनी वाडीत न करता रस्त्याच्या कडेला केलं, आणि तेही वारा समोरच्या रिसॉर्टकडे वाहतो त्या कोपऱ्यात. मडक्यावर पाणी शिंपडून ते चुरचुरेपर्यंत रिसॉर्टचे वीस-पंचवीस पाहुणे धुराच्या वासाने कुंपणापाशी जमले होते. भाऊंनी सगळ्यांना बसवलं. शेंगा संपल्या, अंडी संपली, दुसरं मडकं लागलं. आमच्या वाट्याला बटाटे आले. वहिनी आतून भाकऱ्या पाठवत राहिल्या.

सोमवारी दुपारी भाऊ ओसरीवर हिशेबाची वही घेऊन बसले. किराणा, मासे, गॅस, वीज. शेवटची ओळ : 'जाहिरात ०.' वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "अहो, शनिवारी चार डझन गावठी अंडी आणली होती. कुठे गेली?"

"पोपटीत."

"आणि पोपटी?"

"ती... लोकांनी खाल्ली."

"आपल्या खोल्यांतली माणसं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या खोल्यांत त्या रात्री मी एकटाच होतो, आणि मी पैसे देत नाही. वहिनींनी सूप खाली ठेवलं, भाऊंच्या हातातली पेन्सिल घेतली, दहा रुपयाला एक या दराने मनातल्या मनात आकडा केला आणि त्या शून्याच्या डावीकडे आधी ८, मग त्याच्याही डावीकडे ४ लिहिला.

"यात भाकरीचं पीठ धरलेलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि माझी मजुरीपण."

भाऊ काहीतरी बोलणार होते, इतक्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. वही माझ्या मांडीवर टाकून, कपाळाला हात लावत ते धावत सुटले.