डब्यांतर

उरलेले अन्न मोठ्या भांड्यातून लहान भांड्यात आणि तेथून त्याहून लहान डब्यात नेण्याच्या क्रियेला येथे ‘डब्यांतर’ अशी संज्ञा योजली आहे; ही क्रिया मराठी घरांत रोज रात्री, जेवणे आटोपल्यानंतर आणि ओटा पुसण्यापूर्वी, कोणत्याही लिखित नियमाविना पार पडते. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापांनी नवशिक्या हातांना अंदाजाच्या जाचातून सोडवले, हे सर्वमान्य आहे, परंतु चौघांसाठी मोजून केलेल्या दुधीच्या भाजीपुढे चौथ्याने ‘मी बाहेर खाऊन आलोय’ असे जाहीर केल्यावर जे शिल्लक राहते, त्याचा निर्णय कोणतीही वाटी करू शकत नाही. तो निर्णय डब्याने करावयाचा असतो.

डब्यांतराचे मूलतत्त्व असे की, अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात उरलेली भाजी टाकता येत नाही, आणि ती दुधीची असल्यास खाताही येत नाही. या पेचावरचा उपाय म्हणजे शीतकपाट, ज्याला बोलीत फ्रिज म्हणतात. पहिल्या रात्री भाजी पातेल्यातून झाकणाच्या डब्यात काढावी. दुसऱ्या दिवशी ‘कालची थोडी आहे, कोणाला हवी का?’ असा प्रश्न कोणाकडेही न पाहता विचारावा, म्हणजे नकाराचे पाप कोणा एकावर येत नाही, आणि भाजीचा संकोच झाल्याने तिला आणखी लहान डब्यात हलवावे. तिसऱ्या दिवशी हा डबा लोणच्याच्या बरणीमागे आपोआप सरकतो. त्याला हाताने सरकवल्याचे कोणी पाहिलेले नाही. चौथ्या दिवशी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने झाकण उघडून वास घ्यावा आणि ‘गेली’ असा एकशब्दी निवाडा द्यावा. आता जे टाकले जाते ते अन्न उरलेले नसते, म्हणून अन्नाचा अपमानही होत नाही. पहिल्याच रात्री भाजी टाकणारे घर उधळे ठरते आणि चार दिवस विजेच्या खर्चाने तिला थंड ठेवून मग टाकणारे घर काटकसरी ठरते, यातील तर्क पाश्चात्त्य अर्थशास्त्राला अद्याप पेललेला नाही.

पोळी आणि भात या दोन पदार्थांना वरील नियम लागू नाहीत, कारण त्यांना शिळेपणात बढती मिळते. भाजलेली पोळी थंड होऊ लागली की कणकेतील स्टार्चचे फुगलेले रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून ओळीने बसू लागतात आणि पोळी वातड होते. हा बदल सामान्य तापमानापेक्षा फ्रिजमधील तापमानाला अधिक वेगाने घडतो, आणि पाणी व उष्णता मिळाल्यास बराचसा उलटतो. यास्तव रात्रीच्या पोळ्या कापडात गुंडाळून डब्यातच ठेवाव्यात, सकाळी हाताने कुस्कराव्यात (मिक्सरमध्ये फिरवल्यास भुगा होतो, आणि भुग्याला फोडणी देणाऱ्याला कोणी विचारत नाही), आणि मोहरी, हिंग, हळद, मिरची, कांदा यांच्या फोडणीवर टाकून पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. त्या वाफेत स्टार्च नरमतो, आणि जी पोळी रात्री नकोशी होती तिच्यासाठी सकाळी भावंडांत भांडण लागते. भाताच्या बाबतीत मात्र विनोदाला जागा थोडी आहे. ‘बॅसिलस सिरिअस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजण्यातूनही तगतात, उबेत ठेवलेल्या भातात ते वाढू लागतात, आणि त्यांनी सोडलेले एक विष नंतर कितीही कडक फोडणी दिली तरी नष्ट होत नाही. म्हणून फोडणीच्या भाताची तयारी आदल्या रात्रीच, भात पसरून लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवण्यापासून सुरू होते.

येथवर अन्नाचा विचार झाला. परंतु डब्यांतरात अन्न नाशिवंत असते आणि डबा अविनाशी, म्हणून डब्याचाच विचार अधिक व्हावयास हवा. डब्यांच्या सृष्टीत सर्वांत खालचे, पण सर्वाधिक उपयुक्त स्थान श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्याचे आहे. पाडव्याला आणि दसऱ्याला तो घरात येतो, आणि एकदा रिकामा झाला की त्यात पुन्हा श्रीखंड सोडून सर्व काही राहते: ओले खोबरे, धण्याची पूड, बटणे, आणि परगावच्या पाहुण्याला बांधून दिलेली उसळ. त्याचे खरे मोल तो परत येण्याची अपेक्षा नसते यात आहे. उसळीने तो कायमचा पिवळा पडतो, कारण हळदीतील रंगद्रव्य तेलात विरघळते आणि तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये मुरते; साबणाने न जाणारा हा डाग उन्हात ठेवल्यास फिका होतो, म्हणून डबे गॅलरीत पालथे घालावेत. शेजाऱ्यांना त्यावरून घरातील उसळींची संख्या कळते, ही उणीव मान्य करावी.

जपानच्या मारी कोंडो यांनी २०११ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिने आनंद होतो का, असे स्वतःला विचारावयाचे असते. मराठी घरात ही पद्धत थोड्या पाठभेदाने फार पूर्वीपासून प्रचलित आहे. वस्तू हातात घेतली जातेच, फक्त प्रश्न ‘लागेल का कधी?’ असा असतो, आणि त्याचे उत्तर आजवर एकदाही ‘नाही’ असे आलेले नाही. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा दाराआड लटकणाऱ्या पिशव्यांच्या पिशवीने हे उत्तर किती दूरदर्शी होते ते सिद्ध केले.

स्टीलच्या डब्याची गोष्ट वेगळी आहे. पितळेच्या भांड्याची कल्हई, म्हणजे आतून चढवलेला कथलाचा थर, उडाली की ताक-आमटी कळकत असे आणि अशा भांड्याला कधी ना कधी मोडीत जावे लागे. स्टीलला कल्हई नको, मोड नको, त्यामुळे ते केवळ वाढत जाते. बोहारीण जुने कपडे नेऊन त्यात आणखी भर घालते. अशा डब्यावर यंत्राने कोरलेले नाव असते, बहुधा मुंजीचे किंवा वास्तुशांतीचे निमित्त धरून, आणि म्हणून तो परत करणे बंधनकारक ठरते. शिवाय दुसऱ्याचा डबा रिकामा परत देऊ नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असा संकेत आहे.

अवघड प्रसंग येतो तो दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अनोळखी नावाचा डबा सापडतो तेव्हा. त्याच्या मालकाचा शोध लागला, तर इतक्या वर्षांच्या विलंबानंतर साखरेवर भागत नाही, चार करंज्या तरी घालाव्या लागतात. चार करंज्यांसाठी कोणी सारण करीत नाही, म्हणून चाळीस होतात, आणि उरलेल्या छत्तीस ठेवायला घट्ट झाकणाचा, पुरेशा आकाराचा डबा लागतो. घरातील बाकीचे सर्व डबे चकल्यांनी आणि चिवड्याने अडलेले असल्यास तूर्त तोच वापरावा.