लीस्ट काउंट

बँकेतून निवृत्त झालेला एमएस्सी फिजिक्स गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. शर्टाच्या खिशात दोन पेनं, तोंडात ‘बेसिकली’, आणि कुणाच्या हातात मोजायचं काही दिसलं की संपलंच. आमचे काका लांबूनच हेरतात.

“याचा लीस्ट काउंट किती?” म्हणजे, यावर कमीत कमी किती मोजता येतं?

भाजीवालीच्या काट्याबद्दल विचारून झालं, रिक्षाच्या मीटरबद्दल झालं. डॉक्टरांना तर यांनी दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला असतानाच विचारलं. बीपी डॉक्टरांचं वाढलं. पुतणीच्या पत्रिकेत गुरुजींनी जेमतेम अठरा गुण जुळवले, तेव्हा काका म्हणाले, “गुरुजी, अर्धा गुण हा तुमचा लीस्ट काउंट. तेवढी एरर धरली तर साडेसतरा. नापास!” वहिनींनी त्या दिवसापासून बोलणं टाकलंय. गिरणीवाल्याचा काटा रिकामा असतानाही शून्यावर नसतो, अशी झिरो एरर काढल्यापासून दळण काकूंनाच न्यावं लागतं. “झिरो एरर यांच्यातच आहे,” असं त्यांचं मत.

काकांची अख्खी बॅच अशीच. 1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे गावोगाव शाखा निघाल्या, आणि न्यूटनची वलयं मोजणारी पोरं पासबुकं भरायला बसली. एखाददुसरा ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात लागला, एक अमेरिकेला गेला. बाकीचे बँक, एलआयसी, विक्रीकर. एकाने बारावीचे क्लास काढले. बंगला फक्त त्याचा आहे. अजूनही जमले की गाडी पेन्शनवरून सोडियमच्या दोन रेषांवर येते. 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉम सगळ्यांना पाठ. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र बायकोला विचारतात.

काकांची पहिली मॅनेजरकी औंढा नागनाथकडची, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातली. एकात्मिक ग्रामीण विकासातून म्हशींसाठी कर्जं वाटायची आणि मग म्हैस खरंच घेतली का, ते दारोदार जाऊन बघायचं. एका गावात पाच कर्जदार, पाचही दारांत म्हैस होती. काकांनी टेप काढून शिंगं मोजली. डावं शिंग पाचही ठिकाणी मिलिमीटरपर्यंत सारखं! साहेब पुढच्या दारी पोचायच्या आत म्हैस मागच्या गल्लीने तिथे हजर होत होती. काकांनी अहवालात लिहिलं, ‘म्हशीचा लीस्ट काउंट एक असतो. एकाच म्हशीवर पाच कर्जं बसत नाहीत.’ वरून उत्तर आलं, टार्गेट पूर्ण झालं आहे, अभिनंदन. पाठोपाठ बदलीचा हुकूम.

परवा त्यांनी मला जिन्यात गाठलं. त्याच औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. 2023 मध्ये केंद्राने 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत लेसर. गुरुत्वीय लहर गेली की लांबीत पडेल तो फरक टिपायचा.

“फरक केवढा माहितेय? प्रोटॉनच्या व्यासाचा हजारावा भाग!” काकांचा आवाज चढला होता. “अहो, तिथं मी म्हशी मोजल्या.”

उभ्या नोकरीत या माणसाला फिजिक्सचा एक प्रश्न कुणी विचारला नाही. साहेबांनी नाही, ग्राहकांनी नाही, युनियनने तर नाहीच. तेव्हा रिटायर झाल्यावर सगळे प्रश्न त्यांनीच विचारायला घेतले. आमच्या नशिबी उत्तरं आली, इतकंच. आणि खरं सांगायचं तर सोसायटीच्या टँकरमध्ये काठी बुडवून पाणी मोजणारा माणूस आमच्यात तेवढा एकच आहे. ते मुलीकडे गेले की टँकर दोन दिवस आधीच संपतो.

ज्येष्ठ नागरिक संघाची सहल यंदा औंढा नागनाथला निघते आहे. पहिलं नाव काकांचं. दर्शनाला, असं काकूंना सांगितलंय. माझंही नाव घातलंय. देवळापासून पुढे लायगोच्या जागेपर्यंत रिक्षा दोघांत करायची ठरली आहे. भाडं विषम आकड्यात आलं तर वरचा रुपया कुणी द्यायचा, यावर चर्चा चालू आहे.