कपाटातली जन्मठेप

पैठणी टिकावी म्हणून आपण जे जे करतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी ती लवकर जाते. पण त्याला काळजी म्हणायची आपल्याकडे रीत आहे. दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीतच ती कोंडायची, म्हणजे पावसाळ्यातली दमट हवा आत अडकून रेशमाला बुरशीचे ठिपके पडतात. डांबराच्या गोळ्या थेट पदरावर टाकायच्या, म्हणजे जर काळवंडते. आणि घडी तर मोडायचीच नाही! वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडलेला धागा तिथेच तुटतो आणि लग्नाच्या आदल्या रात्री साडी उलगडली की घडीच्या रेषेवर सरळ चीर दिसते. मग खापर विणकरावर: हल्ली पूर्वीसारखं रेशीम राहिलं नाही.

यावर कोणी म्हणेल, नेसली तर घामाचे, हळदीकुंकवाचे, मठ्ठ्याचे डाग पडतात, त्याचं काय? मुद्दा रास्त आहे. घाम रेशमाला सोसत नाही. पण त्यावरचे उपाय फुकटात आहेत. नेसून झाल्यावर साडी सावलीत वाऱ्यावर टाकावी, जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधावी, तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. एवढी उस्तवार करायला वेळ कुणाला आहे, हा आक्षेप मात्र बिनतोड. जिच्यासाठी महिन्याचा पगार मोजला, तिला वर्षातून तीनदा दहा मिनिटं देणं परवडत नाही. त्यापेक्षा गोळ्यांचा आणखी एक पुडा स्वस्त पडतो.